जपानचें पान

जपानांत प्रवासाला जाणाऱ्या मराठी मंडळींची संख्या अलीकडे बरीच वाढली आहे. चेरीचा बहर, फुजी पर्वत, घड्याळाच्या कांट्यावर धांवणाऱ्या आगगाड्या आणि रस्त्यांची स्वच्छता यांचीं वर्णनें आतां घरोघर ऐकूं येतात. त्यांच्या जोडीला एक तक्रारहि हटकून ऐकूं येते, ती ही कीं, शाकाहारी माणसाचे तेथें फार हाल होतात. ही तक्रार खोटी नाहीं. तोक्योंत साध्या शेवयांचें सूप मागविलें तरी त्याच्या मुळाशीं वाळविलेल्या कात्सुओ माशाच्या किसाचा अर्क असतो, आणि शिजविलेल्या भाजीच्या वाटींतहि बहुधा तोच उतरलेला असतो. 'मासा नको' असें सांगितलें कीं वाढणारा आदरानें लवून मासा काढून घेतो. अर्क मात्र राहतोच, कारण तो त्याच्या लेखीं मासा नव्हे.

ज्या देशाची आजची स्थिति अशी, त्या देशांत सुमारें बाराशें वर्षें गाईबैलांचें मांस वर्ज्य मानलें गेलें होतें, आणि केवळ दीडशें वर्षांपूर्वीं राजानें गोमांस खाल्लें म्हणून राजवाड्यावर माणसें चालून गेलीं होतीं, हें सांगितलें तर पुष्कळांना नवल वाटेल. अन्नाच्या इतिहासाकडे पाहण्याची आपली एक ठरीव दृष्टि आहे. मनुष्य आरंभीं मृगयेवर जगला, पुढें शेती करूं लागला, मग त्याला धर्म समजला आणि त्याच्या ठिकाणीं दया उपजली. असा हा जिना एकाच दिशेनें वर जातो, अशी आपली समजूत असते. जपानी लोक हा जिना चढले, शेंकडों वर्षें वरच्या पायरीवर बसले आणि एकदोन पिढ्यांत खालीं उतरले. ते कां चढले, कां उतरले आणि उतरतांना त्यांनीं बरोबर काय आणलें, हें त्या देशांतील कांहीं ठिकाणें हिंडतांना आम्हांला दिसलें, तें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

नारा शहराच्या दक्षिणेस आसुका म्हणून एक शांत खेडें आहे. चहूंकडे भाताचीं खाचरें, बांधावर तांबूस फळांनीं लवलेलीं काकीचीं झाडें आणि मधूनमधून उत्खननांत सांपडलेले दगडी अवशेष, एवढेंच काय तें तेथें दिसतें. परंतु सातव्या शतकांत येथें जपानची राजधानी होती, आणि इ. स. ६७५ मध्यें तेम्मू सम्राटानें आज्ञा काढली कीं, चौथ्या महिन्यापासून नवव्या महिन्याच्या अखेरपर्यंत गायबैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचें मांस कोणीं खाऊं नये. बौद्ध धर्म त्या देशांत येऊन तेव्हां शंभरावर वर्षें झालीं होतीं. वाचकांना येथें अशोकाच्या गिरनार येथील शिलालेखाचें स्मरण झाल्यावांचून राहणार नाहीं. पूर्वीं आपल्या पाकशाळेंत असंख्य प्राणी मारले जात, आतां दोन मोर आणि एक हरिण एवढेच मारले जातात, आणि पुढें तेहि मारले जाणार नाहींत, असें तो राजा त्यांत सांगतो. एका राजानें आपल्या पाकशाळेपासून आरंभ केला, दुसऱ्यानें प्रजेच्या चुलीपासून, एवढाच काय तो फरक.

तेम्मूची यादी मात्र बारकाईनें पाहण्यासारखी आहे. बैल नांगर ओढतो, घोडा ओझें वाहतो, कुत्रा राखण करतो, कोंबडा पहांट झाल्याचें सांगतो. हरिण आणि रानडुक्कर यांचीं नांवें यादींत नाहींत. माशांचें तर नाहींच. आणि मुदत कोणती? तर बव्हंशीं पेरणीपासून कापणीपर्यंतची. म्हणजे आज्ञेंत दया होती, तशीच शेतीची निकडहि होती. आपल्या चातुर्मासाच्या नियमांतहि व्रत, ऋतु आणि प्रकृति हीं एकमेकांत इतकीं मिसळलेलीं आहेत कीं, कोणतें कोठें संपतें हें सांगतां येत नाहीं. तसेंच हें आहे. पुढील शतकांतून अशा आज्ञा वारंवार निघाल्या. वारंवार निघाल्या यावरूनच त्या वारंवार मोडल्याहि जात असल्या पाहिजेत, हें उघड आहे. तरीपण हळूहळू चतुष्पादांचें मांस हें अमंगळ, तें खाल्ल्यास कांहीं दिवस देवळांत जाऊं नये, अशी भावना समाजांत रुजली.

या भावनेचें सर्वांत सुंदर फळ पाहावयाचें असेल तर कोयासान पर्वतावर जावें. ओसाकाहून आगगाडीनें पायथ्याशीं यावें आणि तेथून उभ्या चढावर दोरानें ओढल्या जाणाऱ्या गाडीनें वर चढावें. इ. स. ८१६ मध्यें कूकाइ या आचार्यानें येथें मठांची स्थापना केली. आजहि पन्नासएक मठांतून यात्रेकरूंची राहण्याजेवण्याची सोय होते. थडग्यांमागच्या उंच लांकडी फळ्यांवर आपल्या देवनागरीशीं नातें सांगणारीं सिद्धम् लिपीचीं अक्षरें दिसतात, तेव्हां परक्या देशांत एकाएकीं ओळखीचा चेहरा दिसावा तसें होतें.

या मठांतील जेवण तें 'शोजिन् र्‍योरी'. लांकडी लाखेच्या वाट्यांतून भात, मिसोचें सार, तिळांच्या दुधाची मऊ वडी, थंडींत गोठवून वाळविलेल्या सोयाबीनच्या चक्क्याची भाजी आणि लोणचें, असें हें पान असतें. साराला चव येते ती समुद्रांतील कोंबु नांवाच्या वनस्पतीनें आणि वाळविलेल्या अळिंब्यांनीं. मांस-मासा नाहीं हें तर झालेंच. पण कांदा आणि लसूणहि नाहीं, कारण त्यांनीं चित्त क्षुब्ध होतें. ज्या घरांत कांदेनवमीला कांद्याचा निरोपसमारंभ होतो, त्या घरांतील माणसाला हा नियम समजावून सांगण्याची गरज पडत नाहीं. झेन पंथाच्या दोगेन या आचार्यानें १२३७ सालीं मठांतील आचाऱ्यासाठीं एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि स्वयंपाक हीसुद्धां साधनाच आहे, असें प्रतिपादिलें. आमच्या वाचकभगिनींना या आचार्याविषयीं विशेष आदर वाटेल. कारण साधना करणाऱ्यांना जेवूं घालणारीची गणना साधकांत क्वचितच झालेली आहे.

कोयासानच्या वृद्ध देवदारांखालीं दोन लाखांवर समाध्या आहेत, असें म्हणतात. त्यांत सरदार आहेत, आचार्य आहेत, आणि एक शिळा चक्क वाळवीसाठीं आहे. ती उभारली आहे वाळवीचा नाश करणाऱ्या व्यावसायिकांच्या संघानें. जिवांना मारल्यावर त्यांच्या शांतीसाठीं प्रार्थना करावी, ही ती कल्पना. ती पाहून हंसावें कीं नमस्कार करावा हें क्षणभर कळत नाहीं. हा प्रश्न आम्ही पुढेंहि बरोबर वागविला, म्हणून त्याचा येथें उल्लेख केला.

तोक्योचें जुनें नांव एदो. या एदोमध्यें १६८० ते १७०९ पर्यंत पांचवा तोकुगावा शोगुन त्सुनायोशी राज्य करीत होता. त्यानें जीवदयेच्या इतक्या आज्ञा काढल्या कीं, लोक त्याला 'कुत्र्यांचा शोगुन' म्हणूं लागले. तो श्वानवर्षांत जन्मला होता. मोकाट कुत्र्यांसाठीं त्यानें १६९५ सालीं नाकानो येथें विस्तीर्ण कोंडवाडे बांधले. तेथें हजारों कुत्रीं पोसलीं जात, आणि त्यांचा खर्च नगरवासीयांकडून वसूल होई. प्राण्याला इजा करणाऱ्यास कठोर शिक्षा होत. त्याची थट्टा पुष्कळ झाली आहे. परंतु त्याच आज्ञांतून टाकून दिलेल्या अर्भकांचा सांभाळ करावा, आजारी वाटसरूला रस्त्यावर सोडूं नये आणि कैद्यांना बरें वागवावें, असेंहि फर्माविलें होतें, हें थट्टा करणारे विसरतात. तो मरतांच कुत्र्यांविषयींच्या आज्ञा रद्द झाल्या. दया दंडाच्या धाकानें शिकवितां येते काय, या प्रश्नाचें उत्तर एदोच्या लोकांनीं कांहीं दिवसांतच देऊन टाकलें.

सुमिदा नदीच्या पूर्वतीरावर र्‍योगोकु हा भाग आहे. येथें एकोइन् नांवाचें मंदिर आहे. १६५७ च्या भयंकर आगींत मेलेल्या हजारों बेवारशी लोकांसाठीं तें बांधलें गेलें. पुढें तेथें कुत्रीं, मांजरें आणि पांखरें यांच्यासाठींहि स्मारकें झालीं, आणि आजहि लोक आपल्या पाळीव प्राण्यांचे दिवस तेथें घालतात. विलक्षण योग असा कीं, याच मंदिरापासून जवळ, नदीच्या पुलाशीं, १७१८ पासून चालत आलेलें म्हणून सांगतात असें रानडुकराच्या मांसाचें एक दुकान आहे. ज्या काळीं हें मांस उघडपणें खाणें शिष्टसंमत नव्हतें, त्या काळीं लोक तें 'औषध' म्हणून खात. रानडुकराला 'डोंगरांतला देवमासा' म्हणत, म्हणजे तो मासाच ठरे! त्याच्या मांसाला पिओनीचें फूल, हरिणाच्या मांसाला मेपलचें पान आणि घोड्याच्या मांसाला चेरीचें फूल, अशीं नांवें पडलीं. ससा हा पक्षी समजून पक्ष्यांच्या संख्यावाचक शब्दानें मोजीत. याला ढोंग म्हणून मोकळें होणें सोपें आहे. पण आपल्याकडेहि बांगडी फुटत नाहीं, वाढते. दिवा विझवीत नाहींत, त्याला निरोप देतात. जें बोलण्याची लाज किंवा भीति वाटते त्याला माणूस गोड नांव देतो. आणि गोड नांव द्यावेंसें वाटतें तोंवर लाज शिल्लक आहे असें समजावें. लाज संपली कीं नांवाचें काम उरत नाहीं.

ती लाज कशी संपली हें पाहण्यासाठीं इझु द्वीपकल्पाच्या टोंकाशीं असलेल्या शिमोदा बंदराला गेलें पाहिजे. टेंकड्यांच्या कुशींतलें हें लहानसें गांव. अमेरिकेचा पहिला प्रतिनिधि टाउनसेंड हॅरिस १८५६ सालीं येथें उतरला आणि ग्योकुसेन्-जी या बौद्ध मंदिरांत त्याची कचेरी थाटली गेली. त्याला दूध हवें होतें. अधिकाऱ्यांनीं कळविलें कीं, येथील लोक दूध पीत नाहींत. गाय शेतकामासाठीं पाळतात आणि तिला दूध येतें तें तिच्या वासरासाठीं. पुढें हॅरिस आजारी पडल्यावर मोठ्या खटपटीनें थोडें दूध त्याला मिळालें, आणि त्याची किंमतहि बरीच पडली. त्या दुधाचें एक स्मारक मंदिराच्या आवारांत आहे. जवळच दुसरें स्मारक आहे, तें परदेशीयांच्या आहारासाठीं येथें मारलेल्या गाईबैलांचें. तोक्योच्या गोमांस-व्यापाऱ्यांनीं तें १९३१ सालीं उभारलें.

या दोन दगडांमध्यें उभें राहिल्यावर आमच्यासारख्या घरांतील माणसाला एक गोष्ट डांचल्यावांचून राहत नाहीं. शिमोदाच्या शेतकऱ्याला मांस खाणें जितकें विपरीत वाटे, जवळजवळ तितकेंच वासराच्या तोंडचें दूध काढून घेणें विपरीत वाटे. आपण त्याच दुधानें देवाला स्नान घालतों, नैवेद्याला त्याचेंच श्रीखंड करतों, आणि त्यांत कोणाचा घास हिरावला जातो असें आपल्या स्वप्नींहि येत नाहीं. कोणता समाज बरोबर याचा निकाल येथें करावयाचा नाहीं. दयेची रेषा प्रत्येक समाजानें आपल्या सोयीच्या अंगणांत ओढलेली असते, एवढें जरी ध्यानांत आलें तरी शेजाऱ्याच्या पानाकडे पाहून नाक मुरडण्याची आपली संवय जरा सैल होईल.

योकोहामाचें बंदर १८५९ मध्यें परदेशीय व्यापाराला खुलें झालें आणि तेथें गोमांसाचीं दुकानें निघालीं. मिसो घालून लोखंडी तव्यावर मांस शिजवून देणारें १८६८ पासूनचें एक भोजनगृह त्या शहरांत अद्याप आहे. त्याच्या दाराशीं दोरांचा पडदा लोंबतो. फुकुझावा युकिचि हा तेथील थोर शिक्षणसुधारक. १९८४ पासून २०२४ पर्यंत दहा हजार येनच्या नोटेवर त्याचें चित्र छापलें जाई. त्यानें १८७० मध्यें मांस आणि दूध यांचा पुरस्कार केला. पाश्चात्त्य बलवान् आहेत, ते मांस खातात, म्हणून मांसानें बळ येतें, असें हें त्रैराशिक होतें. १८७२ च्या जानेवारींत मेइजी सम्राटानें गोमांस खाल्ल्याचें मुद्दाम प्रसिद्ध करण्यांत आलें. त्याच वर्षीं बौद्ध भिक्षूंना मांस खाण्याची आणि लग्न करण्याची सरकारी मोकळीक मिळाली. फेब्रुवारींत दहाएक तपस्वी राजवाड्यांत घुसण्याचा प्रयत्न करतांना अडविले गेले आणि त्यांतील कांहीं मारले गेले. परकी आहारानें देशाचें सत्त्व नासलें, असें त्यांचें म्हणणें होतें. बाराशें वर्षांचा आचार मोडतांना एवढाच काय तो रक्तपात झाला.

या त्रैराशिकाची पुढची कथा मनोरंजक आहे. जपानी आरमारांत बेरीबेरीनें माणसें पटापट मरत. १८८२-८३ मध्यें 'र्‍यूजो' जहाजाच्या लांबच्या सफरींत ३७६ पैकीं १६९ जणांना हा रोग झाला आणि २५ मेले. ताकागी कानेहिरो या आरमारी वैद्यानें १८८४ मध्यें 'त्सुकुबा' जहाजावर आहार बदलून तींच बंदरें पुन्हां घेतलीं. मांस, दूध आणि पाव वाढविले आणि पांढरा भात कमी केला. या वेळीं बेरीबेरीनें एकहि माणूस दगावला नाहीं. साहजिकच मांसाचा जयजयकार झाला. परंतु पुढील संशोधनानें असें ठरलें कीं, दोष मांस नसण्याचा नव्हता. तांदूळ सडून सडून पांढरा करतांना कोंड्याबरोबर जें जीवनसत्त्व निघून जाई, त्याच्या अभावाचा तो दोष होता. भातांत जव मिसळले तरी काम भागे, आणि आरमारानें पुढें जव मिसळलेहि. आपल्याकडेहि त्याच सुमारास मांसाशिवाय इंग्रजांची बरोबरी होणार नाहीं, असें शाळकरी मुलांना वाटत होतें; गांधीजींनीं आपल्या आत्मकथेंत तो प्रसंग सविस्तर सांगितला आहे. एकाच काळीं दोन देशांत तेंच त्रैराशिक मांडलें गेलें, आणि दोहोंकडेहि तें पराभवाच्या भीतीनें मांडलें गेलें, ज्ञानानें नव्हे.

आतांपर्यंत खाणाऱ्यांची कथा झाली. मारणाऱ्यांची राहिली. ती सांगितल्यावांचून हा वृत्तांत अपुरा राहील.

तोक्योच्या शिनागावा स्थानकाच्या पूर्वेच्या दारानें बाहेर पडलें कीं, उंच कांचेच्या इमारतींच्या रांगेंत शिबाउरा येथील सरकारी कत्तलखाना आणि मांसबाजार लागतो. तो १९३६ सालीं सुरू झाला. तेथें लोकांसाठीं एक माहितीदालन आहे. त्यांत कामाचीं हत्यारें आणि कामाच्या पद्धतीचे तक्ते आहेत. आणि तेथें काम करणाऱ्यांना अनोळखी लोकांनीं पाठविलेलीं शिवीगाळीचीं पत्रेंहि मांडून ठेवलीं आहेत. ज्या शहराला रोज मांस लागतें, त्याच शहरांतून हीं पत्रें येतात.

याचें मूळ त्या बाराशें वर्षांत आहे. मांस अमंगळ ठरलें, पण मेलेला बैल उचलावाच लागे. युद्धाला कातडें लागे, ढोलाला कातडें लागे. हें काम ज्यांच्या माथीं आलें ते लोक अस्पृश्य ठरले. त्यांची वस्ती गांवाबाहेर, त्यांच्याशीं बेटीव्यवहार नाहीं, धंदा पिढीजात. १८७१ सालीं सरकारनें कायद्यानें हा भेद रद्द केला. लोकांच्या मनांतून तो गेला नाहीं. १९२२ च्या मार्च महिन्यांत क्योतो येथें त्यांनीं 'सुइहेइशा' नांवाची संघटना स्थापिली आणि आम्ही कोणाच्या दयेवर नव्हे, मनुष्य म्हणून जगूं इच्छितों, अशी घोषणा केली. त्यानंतर पांचच वर्षांनीं, १९२७ मध्यें, डॉ. आंबेडकरांनीं महाडच्या परिषदेंत आपल्या समाजाला मेलेलें ढोर ओढणें आणि त्याचें मांस खाणें सोडण्यास सांगितलें. दोन्ही देशांत प्राण्यावरील दयेचा जो आचार उंच ठरला, त्याच्या पायथ्याशीं माणसाचा असा तिरस्कार जमा झाला होता.

आपल्या घरांपुरतें बोलावयाचें तर, ज्या मळ्यांतील भाजी आपल्या पूर्वजांच्या पानांत येई त्या मळ्याला पाणी देणारी मोट कातड्याची होती. कीर्तनांतील मृदंगाला कातडें चढविलेलें असे, आजहि असतें. तें कातडें कमावणाऱ्याचा स्पर्श मात्र चालत नसे. पान शुद्ध राहिलें तें पुष्कळदां दुसऱ्या कोणीं तरी आपले हात मळविले म्हणून. शिबाउराच्या दालनांतील तीं पत्रें पाहतांना जपानी भाषेचा एकहि शब्द कळला नाहीं तरी त्यांचा अर्थ मराठी माणसाला कळतो.

उएनोच्या विस्तीर्ण बागेंत कमळांनीं भरलेलें एक तळें आहे आणि त्याच्या मध्यभागीं बेन्तेन देवीचें देऊळ आहे. ही बेन्तेन म्हणजे आपली सरस्वती. बौद्ध धर्माबरोबर ती चीनमार्गें जपानला पोंचली. देवळाच्या भोंवतीं दगडच दगड उभे आहेत: एक फुगू माशासाठीं, एक कासवासाठीं, एक पक्ष्यांसाठीं, एक स्वयंपाकाच्या सुऱ्यांसाठीं. त्या त्या धंद्यांतील लोकांनीं ते उभारले आहेत. त्सुकिजीचा घाऊक मासळीबाजार २०१८ मध्यें तोयोसु येथें हलविला गेला. पण जुन्या बाजाराजवळच्या नामियोके मंदिरांत कोळंबी, शिंपल्या आणि अंडीं यांचीं स्मारकें अद्याप आहेत. जेवणापूर्वीं हात जोडून जपानी माणूस 'इतादाकिमासु' म्हणतो. 'मी नम्रपणें स्वीकारतों', असा त्याचा अर्थ. आणि ज्या जिवानें प्राण दिला त्याचें स्मरणहि त्यांत आहे, असें पुष्कळ जण मुलांना शिकवितात.

कोयासानवरचा प्रश्न येथें पुन्हां समोर येतो. जीव घेणाऱ्यानें जिवाची क्षमा मागावी, हें चांगलें कीं वाईट? एका बाजूनें पाहिलें तर, अंड्यासाठीं दगड उभारणाऱ्या समाजाला निदान अंड्यामागें जीव होता याची आठवण आहे. जो समाज डब्यांत बंद केलेलें मांस कारखान्यांतील बिस्किटाप्रमाणें घेतो, त्याच्यापेक्षां ही स्थिति बरी. दुसऱ्या बाजूनें पाहिलें तर, मेलेल्यासाठीं धूप जाळणें स्वस्त असतें आणि जिवंताला हातभर जागा देणें महाग असतें. जपानांत प्राणिरक्षणाचा कायदा १९७३ सालीं झाला आणि १९९९ मध्यें तो सुधारून प्राणी हे 'जीव असलेले' आहेत, याची त्यांत स्पष्ट नोंद झाली. तरी तेथील अंडीं देणाऱ्या बहुसंख्य कोंबड्या पंखहि पसरतां येणार नाहींत अशा पिंजऱ्यांत आयुष्य काढतात. कोंबड्यांना अधिक जागा देण्याविषयींचे आंतरराष्ट्रीय नियम सौम्य व्हावेत, अशी खटपट करणाऱ्या एका अंडेव्यापाऱ्याकडून पैसे घेतल्याबद्दल तेथील एका माजी शेतकीमंत्र्याला २०२२ मध्यें न्यायालयानें दोषी ठरविलें. दगड उभे राहिले, पिंजरेहि राहिले.

तथापि वारा पुन्हां फिरत आहे अशीं चिन्हें दिसतात. २०११ च्या सुमारास जपानी माणसाच्या आहारांत मांसाचें प्रमाण माशांहून अधिक झालें, ही एक बाजू. परंतु मोठ्या शहरांतून आतां दूध-अंडींहि वर्ज्य करणारीं भोजनगृहें निघालीं आहेत, आणि तीं चालविणारे तरुण आपल्या आजोबांच्या आजोबांचें मठांतील जेवण नव्यानें शिकत आहेत. त्यांतील पुष्कळांना ही कल्पना अमेरिका-युरोपाकडून मिळाली. आपल्याच कोठींतील वस्तु परगांवच्या बाजारांतून विकत आणावी, तसें हें झालें. तोक्योच्या निशि-कासाई भागांतील भारतीय वस्तींत मराठी कुटुंबें आहेत. त्यांच्या डब्यांतील वरणभाताकडे आतां जपानी शेजारी कुतूहलानें पाहतो.

येथें आपल्या मनाला सुखावणारा निष्कर्ष काढणें सोपें आहे, तो असा कीं, अखेर जग आपल्याच पानाकडे येत आहे. परंतु जपानच्या या यात्रेंतून निघणारा अर्थ इतका गोड नाहीं. आचार केवळ वंशपरंपरेनें चालत आलेला असला, तर भीतीच्या किंवा मोहाच्या एका धक्क्यानें तो किती लवकर कोसळतो, हें १८७२ सालानें दाखविलें. त्याचें कारण कोणी पुन्हां पुन्हां विचारीत असला पाहिजे. आपल्या पूर्वजांचेंहि पान सदैव एकसारखें नव्हतें. मधुपर्काविषयींची प्राचीन वचनें म. म. काणे यांनीं आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासांत निर्भीडपणें मांडलीं आहेत. तें पान कोणीं तरी विचार करून बदललें. तोच विचार पुढें चालविण्याचा अधिकार, आणि जबाबदारीहि, आपली आहे.

आणि विचार करण्याजोगें पुष्कळ आहे. जगांत सर्वांत अधिक दूध आज आपल्या देशांत निघतें. महाराष्ट्रानें १९७६ च्या कायद्यानें गाईला, आणि २०१५ च्या दुरुस्तीनें बैल-वळूंना संरक्षण दिलें. म्हशीचा रेडा त्यांत नाहीं. चहाच्या कपांत आणि श्रीखंडाच्या वाटींत येणारें दूध पुष्कळदां म्हशीचेंच असतें. दूध न देणारा तो रेडा कोठें जातो, भाकड झालेली म्हैस कोठें जाते, कायद्यानें जगविलेला म्हातारा बैल कोणाच्या खर्चानें चारा खातो, हे प्रश्न आपल्या जेवणघरांत क्वचित् निघतात. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनीं राज्यसभेंत प्राणिक्लेशप्रतिबंधाचें विधेयक मांडलें, त्याचें फळ म्हणून १९६० चा कायदा आला. परंतु कायद्याची दृष्टि गोठ्यापर्यंत पोंचण्यापूर्वीं गृहिणीची दृष्टि पोंचूं शकते, कारण दूध कोणाकडून घ्यावयाचें हें ती ठरविते.

आपल्या घरांतून पान वाढल्यावर चित्राहुति घालीत. गोग्रास आणि काकबळी काढून ठेवीत. पानांतला पहिला वांटा आपला नव्हे, हें त्या आचारानें मुलांना न बोलतां शिकविलें. जपानी माणूस जेवणापूर्वीं हात जोडतो त्यामागें अशीच जाणीव आहे. दोन्ही देशांतील ही जाणीव दगडांत आणि मंत्रांत सुरक्षित आहे, यांत शंका नाहीं. ती गोठ्यांत, पिंजऱ्यांत आणि कातडें कमावणाऱ्या माणसाच्या उंबरठ्याशीं पोंचली आहे काय, हें मात्र प्रत्येक घरानें आपलें आपणच तपासून पाहावयाचें आहे.